फौजदाराचा पट्टा

जगात जिवांच्या दोनच जाती, बांधलेले आणि मोकळे. आणि जो मोकळेपणासाठी ठाम उभा राहतो त्याच्यापुढं एक दिवस सरकारलासुद्धा वाकावं लागतं, असं यमाजीनं मंगळवारी दुपारी एक वाजता कोंडवाड्याच्या दगडी उंबऱ्यावर उभं राहून जाहीर केलं. ऐकायला फौजदार होता. फौजदार म्हणजे यमाजीचा कुत्रा. आणि जाहीर करणाऱ्या यमाजीच्या स्वतःच्या गळ्यात त्या वेळी कुत्र्याचा पट्टा होता, खिळ्यांचा, आणि त्याचं बकल अडकलं होतं.

माणसानं पट्टा गळ्यात कशाला घालावा, असा प्रश्न परगावच्या पाहुण्याला पडेल. लाखणमळ्यात तो कुणाला पडत नाही. पारगावच्या कारखान्याकडं निघालेल्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. बिबट्या मानेला धरतो. म्हणून इकडं कुत्र्यांच्या गळ्यात बाहेरून खिळे काढलेले चामड्याचे पट्टे घालतात. गेल्या वर्षापासून उसाला पाणी द्यायला जाणारी माणसंही तसलेच पट्टे गळ्यात अडकवून जायला लागली. पहिल्या आठवड्यात गाव हसलं. दुसऱ्या आठवड्यात मंचरच्या कारागिराकडं पट्ट्यासाठी नंबर लावावा लागला. दिवस कलला की कुत्री लोखंडी पिंजऱ्यात, शेळ्या पत्र्याच्या शेडात आणि माणसं कडी लावून घरात. गावात मोकळा असा बिबट्या तेवढा राहिला.

या सगळ्या मुलखात कुत्र्याला गळ्यातलं काढून पळता येईल अशी एकच जागा होती, ती म्हणजे गावचा जुना कोंडवाडा. लोकांच्या पिकात शिरलेली मोकाट जनावरं पूर्वी तिथं कोंडून ठेवत. काळ्या दगडाची पुरुषभर उंच भिंत, एक लोखंडी दार आणि मधोमध लिंबाचं झाड. पुढं गोठ्यात उभ्या उभ्या खाणाऱ्या संकरित गाई आल्या, मोकाट जनावर औषधाला उरलं नाही आणि कोंडवाडा रिकामा झाला. यमाजीची मेंढरं त्या कोंडवाड्यात तीन वेळा राहून आली होती. तिन्ही वेळा ती हौशीरामअण्णांच्या कांद्यात शिरली होती, आणि तिन्ही वेळा अण्णांनी स्वतः हाकलत आणून दाराला कडी घातली होती. यमाजी बाहेर भिंतीला टेकून बसला होता आणि आतल्या मेंढरांना बाहेरून धीर देत होता. त्या दाराचा त्याला इतका राग की पुढची वीस वर्षं तो त्या वाटेनं गेला नाही.

गेल्या दिवाळीनंतर मेंढरं विकली. एका पावसाळ्यात बिबट्यानं नऊ नेली, यमाजीचे गुडघे बोलायला लागले, आणि नातू ऋतिक आळेफाट्याच्या गॅरेजात ट्रकखाली उताणा पडून जास्त सुखात होता. मेंढरं गेली, रात्री त्यांना कोंडायची जाळी, जिला वाघर म्हणतात, ती राहिली आणि फौजदार राहिला. मेंढरं विकल्याचं फौजदाराला कुणी सांगितलं नाही. तो साखळीला बांधलेला चार दिवस रस्त्याकडं बघत बसला आणि पाचव्या दिवशी भाकरीकडं पाठ करून बसला.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी फौजदाराचं पोट दाबलं, दात बघितले, डोळ्यांत बॅटरी मारली.

"आजार काही नाही याला," डॉक्टर म्हणाले. "याला काम नाही."

"मग डॉक्टर, मला बी त्येच झालंय. मला बी तपासा की."

"तुम्ही जेवता का?"

"जेवतो की."

"मग आधी कुत्रं बघू."

कुत्रं बघायचं म्हणजे काय करायचं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. भाकरी सोडल्याच्या आठव्या दिवशी यमाजी फौजदाराला दोरीनं चालवत न्यायला लागला, तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. वीस वर्षांनी तो कोंडवाड्याच्या वाटेला लागला, तेही फौजदारानं ओढलं म्हणून. दार उघडं होतं. आत साळुबाई होती. साळुबाई म्हणजे हौशीरामअण्णांची बायको. तिचा पांढरा झिपरा कुत्रा, सोन्या, पट्टा काढलेला, दोन कोंबड्यांच्या मागं लागला होता.

"यमाजीभावजी, ह्यांना सांगू नका हां," साळुबाई म्हणाली. "मी शुगरसाठी चालायला गेलीये."

यमाजीनं मान हलवली, आत येऊन दार लावलं आणि फौजदाराचा पट्टा काढला. फौजदार क्षणभर उभा राहिला. मग तो पोटावर सपाट झाला, लांब वळसा घालून मागून आला, आणि यमाजीची विडी पेटायच्या आत सोन्या, दोन्ही कोंबड्या आणि कुठून तरी शिरलेलं एक मांजर असे चारही जीव लिंबाखालच्या कोपऱ्यात शिस्तीत उभे होते. फौजदार त्यांच्यासमोर बसला. त्यानं यमाजीकडं बघितलं. मोजून घ्या, असंच त्याला म्हणायचं होतं. यमाजीनं खरोखर मोजली.

त्या संध्याकाळी फौजदारानं दोन भाकरी खाल्ल्या. यमाजीनं तीन खाल्ल्या. त्याची बायको सुंदरा म्हणाली, "दोघांचं बी एकच औषध दिसतंय."

तेव्हापासून रोज साडेचारला कोंडवाडा भरायला लागला. आधी शेजारचा कुंडलिक त्याचा टायगर घेऊन आला. हा टायगर बिबट्याच्या वासानं पलंगाखाली जायचा. मग आणखी आले, महिन्याभरात सतरा कुत्री झाली. यमाजीनं जुनी वाघर काढली आणि सगळ्यांनी मिळून बांबू रोवून ती भिंतीवर चौफेर ताणली, म्हणजे वरून काही उडी मारून यायला नको. मेंढरं गेली, पण जाळी कामाला लागली. सहाच्या ठोक्याला ज्यानं त्यानं आपापलं कुत्रं पट्ट्यात घालायचं आणि उजेड आहे तोवर घर गाठायचं. मधल्या दीड तासात फौजदार बाकीच्या सोळा कुत्र्यांचा कळप करायचा, कोपऱ्यात लावायचा, पुन्हा सोडायचा. कुत्र्यांनाही ते आवडायचं. निदान तक्रार कुणी केली नव्हती.

दाराजवळ पट्टे अडकवायला खिळे ठोकले होते. पण एकदा दोन पट्ट्यांची अदलाबदल होऊन दोन घरं बोलेनाशी झाली. म्हणून यमाजी फौजदाराचा पट्टा सरळ आपल्या गळ्यात घालायचा. हात मोकळे राहायचे, पट्टा हरवायचा नाही, आणि कोंडवाड्यामागं ऊस होता, तेव्हा सोयीचंही होतं. अशी ही सवय पडली.

आणि मंगळवारी ग्रामसभा होती.

ग्रामसभेच्या नोटिशीत चौथा विषय असा होता: जुना कोंडवाडा पाडणे व त्या जागी सेल्फी पॉइंट उभारणे. कल्पना हौशीरामअण्णांची. सरपंच त्यांची सून वृषाली. खुर्ची सरपंचांची, तिच्या शेजारची खुर्ची कुणाची, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही, पण तिच्यावर कायम अण्णा बसलेले असत. अण्णा वाईट माणूस नव्हते. हायवेला लागलं की प्रत्येक गावाच्या वेशीवर माणसाएवढी अक्षरं दिसायची, "आय लव्ह" आणि पुढं गावाचं नाव, मधे लाल बदाम, रात्री आतून लाइट. आपल्या गावाला तसलं काही नाही, याचं अण्णांना मनापासून वाईट वाटायचं. "आपलं गावावर प्रेम हाय हे लिवल्याबिगर लोकांना कळणार कसं?" असं ते म्हणायचे, आणि त्यांना उत्तर देणं कठीण होतं. अक्षरं तयार होऊन आलीसुद्धा होती. ती अण्णांच्या ओसरीवर पडून होती आणि पोरं बदामावर बसून डबा खात होती.

कोंडवाडा गेला तर फौजदार पुन्हा साखळीला जाणार. साखळीला गेला की भाकरीकडं पाठ करणार. पुढचं यमाजीनं मनात आणलं नाही. त्यानं सभेत बोलायचं ठरवलं. आठ दिवस तो भाषण पाठ करत होता. बांधलेले आणि मोकळे हे त्यातलंच पहिलं वाक्य. सभा तीन वाजता होती, कारण अंधारायच्या आत सगळ्यांना घरी पोचायचं असतं. म्हणून, न जाणो आजचा शेवटचा दिवस असला तर, यमाजी फौजदाराला दुपारीच कोंडवाड्यात घेऊन आला होता. पट्टा नेहमीसारखा गळ्यात घातला. पण सकाळीच ऋतिकनं पट्ट्याला खिळ्यानं एक नवं भोक पाडून ठेवलं होतं, फौजदार जरा भरला म्हणून. बकलाची जीभ त्या भोकात गेली आणि तिथंच राहिली.

यमाजीनं पाच मिनिटं खटपट केली. मानेमागं हात नेले की खांदा आवाज करायचा, खांदा मानला की खिळे बोटांत शिरायचे. सुंदरा लेकीकडं अवसरी बुद्रुकला गेलेली. आयुष्यभर काळोखात, पावसात, मेंढरं ओरडत असताना वाघरीच्या गाठी मारल्या आणि सोडल्या, कधी बोट चुकलं नाही. आणि आज एक दिडकीचं बकल. कुणाला सांगायचं कसं?

तेवढ्यात रस्त्यावर गोरखची मोटारसायकल थांबली. गोरखचं पारगावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि उरलेल्या वेळात तो पत्रकार आहे. त्यानं उंबऱ्यावर पट्टा घालून उभा असलेला म्हातारा बघितला, बाजूला मोकळा बसलेला कुत्रा बघितला, आणि त्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं.

"बाबा! हे काय!"

"आरं गोरख, बरं झालं आलास. जरा हितं—"

"काही बोलू नका बाबा." गोरखनं फोन आडवा धरला. "फोटोच बोलतोय."

फोटो निघाला. यमाजी दोन्ही हात मानेमागं नेत होता, तसाच निघाला. दुसऱ्या क्षणी गोरख गेला होता आणि मागं धूळ होती.

तो फोटो "आपला लाखणमळा (अधिकृत)" या ग्रुपवर एक वाजून वीस मिनिटांनी पडला. खाली गोरखनं लिहिलं होतं: "कुत्रा मोकळा, माणूस बांधलेला! यमाजीबाबांचं पट्टा आंदोलन. सभेत बाबा इशारा देतील. सर्वांनी आपापला पट्टा सोबत आणावा." इशाऱ्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण इशाऱ्याशिवाय आंदोलन त्यानं कुठं बघितलं नव्हतं. यमाजीकडचा फोन साधा, बटणांचा. त्याला यातलं काही कळलं नाही.

त्याला एवढंच कळत होतं, की पट्टा आपल्या गळ्यात आहे तोवर फौजदाराला बाहेर काढता येत नाही. बिनपट्ट्याचा कुत्रा उसाच्या कडेनं न्यायचा म्हणजे बिबट्याला ताट वाढून द्यायचं. त्यानं घमेलं भरून पाणी ठेवलं, दाराला कडी घातली आणि आतल्या फौजदाराला बाहेरून सांगितलं, "दोन तास. सभा उरकतो, पट्टा काढतो, आलोच." बोलून झाल्यावर त्याला आठवलं, की याच भिंतीला टेकून आपण मेंढरांना असंच काहीबाही सांगत होतो. मग त्यानं उपरणं गळ्याभोवती दोन वेढे घालून गुंडाळलं, पट्टा दिसू नये म्हणून, आणि तो शाळेकडं निघाला. ऊन मरणाचं होतं. उपरणं निवडुंगाच्या फडासारखं चहूबाजूंनी वर आलं होतं.

शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली होती, आणि कधी नव्हे ती भरून भरली होती. एरवी सह्यांसाठी घरोघर वही फिरवावी लागायची. आज बायकासुद्धा आल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर पिशवी. यमाजी मागं दाराशी टेकला. लोक त्याच्याकडं बघत होते आणि मान तुकवत होते. यमाजीला वाटलं, आपल्याला पट्टा लपवणं जमलेलं नाही.

"यमाजीबाबा, या की पुढं बसा," कुंडलिक म्हणाला.

"नको, हितंच बरं वारं लागतंय."

"गरम होत असंल ना?" कुंडलिकनं डोळा मारला.

यमाजी कळवळला. कुंडलिकला कळलं होतं तर.

पहिले तीन विषय दहा मिनिटांत गेले. ग्रामसेवकांनी चौथा वाचला. वृषालीनं सवयीनं शेजारच्या खुर्चीकडं बघितलं आणि अण्णा उठले.

"मंडळी, इकास काय आभाळातनं पडत नसतोय," अण्णांनी सुरुवात केली. "त्यो कोंडवाडा म्हंजे पडकं दगड. तिथं काय व्हतंय? कुत्री पळत्यात! कुत्र्यांना पळायला गावाची जागा, आन् पोरांना फोटो काढायला दुसऱ्याचं गाव? पाव्हणं येत्यात, इचारत्यात, तुमच्याकडं बघण्यासारखं काय? मी काय सांगू? फौजदार कुत्र्यांना वळतोय, त्ये बघा?"

"बघण्यासारखं असतंय की अण्णा ते!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

"हसा. माझ्या बाजूनं मी सांगितलं. आता कुणाला काय बोलायचं असंल तर बोला."

सगळी सभा यमाजीकडं वळली. कुंडलिकनं त्याला धरून पुढं आणलं. माइकच्या उंच दांड्यापुढं यमाजी उभा राहिला. बांधलेले, मोकळे, सरकार, असं सगळं ओळीनं डोक्यात होतं. पण समोर एवढी तोंडं दिसली आणि ते सगळं फौजदारानं हाकलल्यासारखं एका कोपऱ्यात जाऊन बसलं. तिथून ते येईना.

"माझं कुत्रं," यमाजी म्हणाला. "मेंढरं गेल्यावर माझं कुत्रं जेवत नव्हतं. आठ दिस. डॉक्टर म्हनला आजार न्हाई. म्या बी तसंच बसून व्हतो, पर मला कोन डॉक्टर दावतंय? त्या कोंडवाड्यात सोडलं आन् त्येनं भाकरी खाल्ली. म्हंजे तिथं गेलं की खातं. न्हाई नेलं की खात न्हाई." तो अण्णांकडं वळला. "अण्णा, तुमी माझी मेंढरं तिथं तीनदा कोंडली. माझा राग न्हाई. कांदा तुमचा खाल्लाच व्हता त्यांनी. पर आता कुत्र्याला तरी तिथनं काढू नका. बास, एवढंच हाय."

यमाजीला वाटलं, आवाज पोचला नसावा. म्हणून "ऐकू आलं का?" विचारायला तो माइकवर वाकला. खिळे माइकवर घासले आणि कर्ण्यातून असा खर्रर आवाज निघाला, की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. तो दचकून मागं झाला. उपरण्याचं टोक माइकच्या दांड्यात गुंतलं, आणि वेढे सुटत सुटत उपरणं माइकजवळ राहिलं, यमाजी तेवढा मागं आला. गळ्यातला पट्टा, बत्तीस खिळ्यांसकट, सगळ्या गावासमोर उघडा.

"इशारा!" गोरख ओरडला.

मग यमाजीनं जे बघितलं ते त्याला मरेपर्यंत पुरणार होतं. पिशव्या उघडल्या. खिशांतून, ओच्यांतून, डब्यांतून पट्टे बाहेर आले. कुंडलिकनं टायगरचा पट्टा स्वतःच्या गळ्यात अडकवला. त्याच्या शेजारच्यानं, त्याच्या शेजारच्यानं, मग पुढच्या रांगेतल्या बायकांनी. व्हरांडाभर खिळे चमकायला लागले. यमाजीला पहिल्यांदा काही समजेना. मग हळूहळू समजलं: एका म्हाताऱ्याचं बकल अडकलं, त्याला एकट्याला लाज वाटू नये म्हणून सगळ्यांनी आपापले पट्टे घातले होते. पन्नास वर्षं या लोकांच्या बांधावरून मेंढरं नेली, शिव्या खाल्ल्या, दिल्या. पण गावात एवढी माया आहे याची त्याला कल्पना नव्हती. त्याचे डोळे भरून आले. गोरखनं ते जवळून घेतलं.

"ही काय नाटकं लावलीत?" अण्णा खुर्चीवरून उठले. "कुत्री हाय का माणसं? काढा ते! पोलीस बोलवू का?"

"कुणाकुणाला बोलवताय?" बायकांच्या रांगेतून आवाज आला.

साळुबाई उभी राहिली. सोन्या कुत्र्याचा पट्टा तिच्या गळ्यात मावणं शक्य नव्हतं. तो तिनं हिरव्या बांगड्यांच्या वर मनगटात घातला होता, आणि हात वर केला होता.

अण्णा बसले. त्यांना बसायचं नव्हतं, पण बसले. "तू?"

"मीच. रोज साडेचारला."

"तू तर शुगरसाठी चालायला जातीस."

"जाते. तिथंच जाते."

"आन् शुगर?"

"कमी आली. तुमीच तर डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला परवा, आन् म्हनलात, बघ चालल्यानं किती फरक पडतो." साळुबाईनं हात खाली घेतला नाही. "घरात दिवसभर माझ्या नावानं हाका असत्यात. पाणी दे, चष्मा कुठंय, पाव्हणं आल्यात. तिथं दीड तास सगळं कुत्र्यांना हाका मारत्यात. मला कोन बोलवत न्हाई. मी आपली लिंबाखाली दगडावर बसती. तेवढा दीड तास ऱ्हाऊ द्या की."

अण्णांनी सुनेकडं बघितलं. ती सरपंच झाल्यापासून तीन वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. एरवी बघायची ती सून.

"आत्या, बसा," वृषाली म्हणाली. "मामा, तुम्ही बसलेलेच आहात. विषय क्रमांक चार मताला टाकते. कोंडवाडा आहे तसा राहावा, या बाजूचे हात वर करा."

हात वर झाले. मोजायला ग्रामसेवक उठले आणि अर्ध्यात बसले, कारण न वर झालेले मोजणं सोपं होतं. ते पाच होते. चार जणांकडं कुत्रं नव्हतं. पाचव्या अण्णांचा हात गुडघ्यावर होता. तो वीतभर वर आला, थांबला, आणि शेवटी त्यांनी त्याच हातानं टोपी नीट केली. वृषालीनं ती टोपी मतात धरली.

"आन् माझी अक्षरं?" अण्णांनी विचारलं. आवाज इतका खाली गेला होता, की बऱ्याच जणांना वाईट वाटलं.

"अण्णा, भिंतीला बाहेरच्या अंगानं लावू की," कुंडलिक म्हणाला. "लाइटीसकट. उजेडाला बिबट्या बी जरा बिचकंल. बदाम दारावर."

"दारावर?"

"मधोमध."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "बदाम दारावर बरा दिसंल," ते म्हणाले. मग, कुणाकडंही न बघता, "फोटोत फौजदार आला तरी माझी काय हरकत न्हाई."

ठराव लिहिला गेला. टाळ्या वाजल्या, घोषणा झाल्या. "यमाजीबाबा आगे बढो" अशी एक घोषणा हिंदीतून झाली, तेव्हा बाबा एक पाऊल पुढं सरकला, म्हणजे दाराकडं. त्याला केव्हाचं निघायचं होतं. पण खांद्यावर कुणी हात टाकत होतं, कुणी पाया पडत होतं. लोक आपापले पट्टे एका झटक्यात काढून पिशवीत टाकत होते. किती सहज निघत होते ते! यमाजी बघत राहिला. ते पट्टे काढतायत म्हणजे आता आपली लाज आपल्यालाच, असं त्यानं ओळखलं.

पश्चिमेला ऊन उसाच्या तुऱ्यांवर टेकलं होतं. तिकडून, कोंडवाड्याच्या बाजूनं, एक लांब ओरडणं ऐकू आलं. ओळखीचं होतं. दोन तास केव्हाच होऊन गेले होते.

गोरखनं त्याची वाट अडवली. फोन समोर धरलेला, त्यावर लाल ठिपका.

"लाइव्ह आहे बाबा. सगळा जुन्नर-आंबेगाव बघतोय. दोन हजार माणसं. एवढं मोठं आंदोलन तुम्ही एकट्यानं, एका शब्दाशिवाय उभं केलंत. पट्टा अजून गळ्यातून काढला नाहीत. आता महाराष्ट्राला काय सांगाल?"

अण्णा खुर्चीवरून पुढं वाकले. साळुबाई पदर सावरून उभी राहिली. यमाजीनं घसा खाकरला. आणि कोपऱ्यात जाऊन बसलेलं भाषण आता नेमकं उठून आलं, शिस्तीत, एकामागून एक: बांधलेले, मोकळे, सरकार, वाकणं, सगळं. ओठांपर्यंत आलं.

पुन्हा एकदा लांबून ओरडणं आलं.

यमाजीनं भाषण परत पाठवलं. तो गोरखच्या अगदी जवळ गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"गोरखभाऊ, त्यो फोन आधी खिशात घाल. दोन्ही हात लागत्याल."

"कशाला हो बाबा?"

"मागं बकल अडकलंय, दुपारधरनं. तेवढं सोडव की राव. फौजदाराला घालायचाय."